विहीणबाईंच्या पदराची दशी

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, आणि आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वडील गिरणीत मागावर होते, आईला अक्षरओळख नव्हती. मला शिक्षणाचा तोरा होता. आजही आहे, लपवत नाही.

थोरल्या बहिणीचा साखरपुडा घरीच होता. मुलाकडची माणसं मंगळवेढ्याहून एसटीनं आलेली. वडिलांनी विहीणबाईंना मानाचं रेशमी लुगडं दिलं. ते मांडीवर घेऊन विहीणबाईंनी मला विचारलं, कॉलेजात काय शिकवतात. मी म्हटलं, कार्बन. ज्वारीचा दाणा, आपलं मांस, केस, सगळं कार्बनच्याच सांगाड्यावर उभं. जाळलं की तोच काळा दिसतो.

"म्हंजे आमी समदी कोळसाच की," त्या म्हणाल्या. बायका फिदीफिदी हसल्या.

मला झोंबलं. फणीतला केस काढून मी काडीवर जाळला. घाण वास सुटला. मग समजावलं, केस म्हणजे प्रथिन, त्यात कार्बनला नायट्रोजन जोडलेला असतो, आणि प्रथिन जळताना असाच वास येतो. रेशीम किड्यानं काढलेलं, तेही प्रथिनच. कापूस झाडाचा, त्यात नायट्रोजन नाही, तो कागदासारखा जळतो. आणि कुणी अडवायच्या आत लुगड्याच्या पदराची एक दशी तोडून पेटवली.

भर्रकन जळून गेली. वास कागदाचा.

मी दुसरी तोडली. पुन्हा कागदच. बोटांवर चिमूटभर मऊ राख. म्हणजे चमक रेशमाची, पण हे लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं नकली रेशीम. दुकानदारानं फसवलं असं म्हणायला मी वडिलांकडे वळले, आणि ते जमिनीकडे बघत होते. दचकलेसुद्धा नव्हते. उभा जन्म सुतात घालवलेला माणूस. त्यांच्या बोटांना कळलं नसेल? घेतानाच कळलं होतं. खरं रेशीम झेपत नव्हतं, एवढंच.

वास कशाचा, हे मीच सगळ्यांना शिकवून ठेवलेलं. बहीण आतल्या दारात चौकट धरून उभी. तिचं लग्न मी काडीनं पेटवलं होतं.

विहीणबाईंनी लुगड्याची घडी सारखी केली.

"पोरी, लुगडं नेसायचं असतंय, पेटवायचं न्हाय," त्या म्हणाल्या. मग वडिलांकडे वळून, "दादा, रंग लई चांगला निवडलासा." आणि बहिणीला कुंकू लावायला बोलावलं.

पाहुणे गेल्यावर बहिणीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी वडिलांच्या शिव्यांची वाट बघत होते. ते सतरंजी गोळा करत होते.

"बरोबर करून दाखवलंस," ते म्हणाले. रागानं नव्हे. खरंच कौतुकानं.

मी तिथंच खाली बसले.