जखमेला जेवू घालणारी सेलिन

फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका आजींना कुशीवर वळवत होते. एका हाताने त्यांचा खांदा धरलेला, दुसऱ्या हाताने पाठीशी उशी सरकवत होते, आणि ॲप्रनच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. आजी नीट टेकल्या, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली, चादरीची चुणी काढली, मगच फोन बघितला. फ्रान्सिसभाऊंचा होता, सेलिनच्या नवऱ्याचा. परत लावला तर ते एवढंच म्हणाले, "वैशाली, गेली गं आपली सेलिन..." आज ना उद्या हा फोन येणार हे मला ठाऊक होतं, तरी पलंगाचा कठडा धरून मी तशीच उभी राहिले. आजींनी विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, "मैत्रीण गेली, आजी." त्यांनी आपला सुरकुतलेला हात माझ्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सेलिन आमच्या ठाण्यातल्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होती आणि मी सर्जिकल वॉर्डची सिस्टर. ती कोपरीची, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी ख्रिश्चन घरातली. मी डोंबिवलीची, बौद्ध. नाताळात तिच्याकडून डबा यायचा, बुद्धपौर्णिमेला माझ्याकडून खीर जायची. पण ही मैत्री नंतरची. सुरुवातीला मला वाटायचं, आहारतज्ज्ञ म्हणजे सकाळी येऊन शुगर आहे का, मीठ चालतं का, एवढं विचारून जाणारी बाई. मग एके दिवशी ती भर वॉर्डात आमच्या सर्जनसरांना भिडली. एका पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं, पण तो सकाळपासून उपाशीच होता. त्याला जेवायला द्या, हे सांगायचं सगळेच विसरले होते. सेलिन म्हणाली, "सर, केस उद्यावर गेली ना? मग आज ताट का नाही आलं? याची जखम काय हवेवर भरणार आहे?" सर चक्क म्हणाले, "सॉरी, मॅडम. सिस्टर, आधी यांना जेवण द्या." त्या दिवसापासून मी तिला मॅडम म्हणायचं सोडून सेलिन म्हणायला लागले.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, कमरेच्या हाडाशी जी जखम होते, तिला आम्ही बेडसोर म्हणतो. एकाच कुशीवर पडून कातडी दबते, रक्त पोचत नाही, आणि आत खड्डा पडत जातो. ड्रेसिंग करणारी मी, पेशंटला उठवून बसवणारा फिजिओथेरपिस्ट निलेश, कापायचं की नाही ते ठरवणारे सर आणि खाण्याचं बघणारी सेलिन... आम्ही चौघं एकाच माणसाकडे जायचो, पण वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना चुकवल्यासारखे.

हे बदललं ते टिटवाळ्याच्या भोईरकाकांमुळे. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर ते घरीच पडून होते आणि आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या पाठीची जखम मूठ मावेल एवढी झाली होती. सोबतीला सून, रंजना. रात्रंदिवस तीच. हवेची गादी घातली, वेळच्या वेळी कूस बदलत होतो, ड्रेसिंग बदलून बघितलं, पण जखम हटत नव्हती. सेलिनने अंडी, डाळ, पनीर, दुधात पावडर, सगळं वाढवलं होतं आणि ताट रोज पुसून काढल्यासारखं परत येत होतं. मग आम्ही एकमेकांकडे बोटं दाखवायला लागलो. मी म्हणायचे, निलेश त्यांना पुरेसं उठवत नाही. निलेश म्हणायचा, "सिस्टर, अंगात ताकदच नाहीये त्यांच्या, उठवू कसं?" सर म्हणायचे, आता ऑपरेशनच करावं लागेल, कुल्ल्याकडचा मांसाचा तुकडा फिरवून खड्डा बुजवू, पण रक्ताचे रिपोर्ट इतके खराब की टाके धरतील याची सरांनाच खात्री नव्हती. जो तो आपल्यापुरता बरोबर होता आणि काका दिवसेंदिवस खंगत होते.

एके दुपारी सेलिन स्वतःचा डबा घेऊन त्यांच्या पलंगाशी जाऊन बसली. "काका, एकटीला जेवण जात नाही. तुमच्याबरोबर बसू का?" म्हणाली. नाही कसं म्हणणार? काकांनी भाताची चार शितं चिवडली, एक घास घेतला आणि ताट रंजनाकडे सरकवलं. सेलिनला तेव्हा कळलं की ताट रिकामं होत होतं, पण काकांच्या पोटात जात नव्हतं. रंजनाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या तोंडाला चव नाही. अन्न वाया नको म्हणून तीच संपवायची. सेलिनने तिला पाणी आणायला पाठवलं आणि काकांना नुसतं विचारलं, "भूक नाही का लागत?" मी शेजारच्या पलंगाशी सलाईन लावत होते. काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "भूक लागते गो बाय. पन खाल्लं का पोट साफ होतं, आनि ते सगलं हिला काढायला लागतं. पोरीसारकी हाय ती मना. लाज वाटते..."

सेलिनने डब्याचं झाकण लावलं आणि वॉर्डाच्या पँट्रीत येऊन आम्हाला सगळ्यांना बोलावून घेतलं. सरांनाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "माझं काम इथे संपलं. मी आणखी चार अंडी लिहून दिली तरी उपयोग नाही. त्या माणसाला खायचंय, पण खाल्लं की सुनेसमोर उघडं पडावं लागतं. आता सांगा, हे कोणाचं काम?" आधी निलेश म्हणाला, "माझं. कमोडच्या खुर्चीवर बसवायला शिकवतो. जखमेवर भार येणार नाही असं, थोडाच वेळ." सर म्हणाले, "रोज सकाळी ठरावीक वेळी पोट साफ होईल असं औषध मी देतो." मी म्हटलं, त्या वेळी पडदा लावून आमचे वॉर्डबॉय मामा मदत करतील, रंजनाला बाहेर चहाला पाठवू, आणि घरी गेल्यावर हे काम काकांच्या मुलाने करायचं, त्याला मी बोलावून शिकवते. पंधरा-वीस मिनिटांचं बोलणं असेल. इतके दिवस आम्ही एकाच माणसावर काम करत होतो आणि एकदाही असे एकत्र उभे राहिलो नव्हतो.

मुलगा आला, आधी लाजला, मग शिकला. काका जेवायला लागले. एक दिवस तर सेलिनला म्हणाले, "आज भात कमी वाढला काय गो?" आणि ती आनंदाने मला सांगत सुटली. जखमेच्या तळाशी लाल, ताजं मांस दिसायला लागलं, कडा आत सरकू लागल्या. सरांनी ऑपरेशनचा विचार सोडला. काका चाकांच्या खुर्चीत बसून टिटवाळ्याला घरी गेले. तेव्हापासून अशा प्रत्येक पेशंटकडे आम्ही चौघं एकदम जायचो. त्याला कुणी काही नाव दिलं नाही. सेलिन हाक मारायची आणि आम्ही निघायचो.

मग तिलाच पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, सगळं झालं, आणि शेवटी ती कोपरीच्या घरी आली. फ्रान्सिसभाऊ वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, रिटायर होऊन फार वर्षं झाली नव्हती. जन्मात चहाही न केलेला माणूस, पण त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माशाचं सूप, पेज, अंड्याचं कस्टर्ड. चमचा घेऊन तासन्‌तास तिच्या उशाशी. "तूच लोकांना सांगत आलीस ना, खा म्हणून? मग आता तोंड का मिटतेस?" ती एखादा घोट घ्यायची आणि उलटून पडायचा. ड्युटी संपली की आम्ही आळीपाळीने जायचो. निलेशने भाऊंना तिला कसं वळवायचं ते शिकवलं, मी पाठ बघायचे. तरी एके दुपारी तिच्या कमरेशी लालसर डाग दिसला. मी दाबून बघितला, रंग उतरेना, म्हणजे बेडसोरची सुरुवात. इतकं सगळं करून हिलाच...? माझा चेहरा तिने वाचला असणार. म्हणाली, "अगं, तोंड कसलं पाडतेस? तू काही चुकली नाहीस. शरीरच आता आवरतं घेतंय. मला नको, फ्रान्सिसला सांभाळ. भरवू नको म्हटलं तरी तो माझं ऐकत नाही. सरांना बोलाव, निलेशला बोलाव."

आम्ही तिघं गेलो. सरांनी भाऊंना शेजारी बसवून सांगितलं की आतापर्यंतचं अन्न अंगी लागत होतं. आता शरीराला ते पेलत नाही, तिला हवं असेल तेवढंच द्या, ओठ ओले ठेवा, बाकी दुखणार नाही ते आम्ही बघतो. भाऊ उसळून उठले. "म्हणजे उपाशी मारू हिला? डॉक्टर, तुम्ही हे सांगताय?" तेव्हा सेलिन बोलली, अगदी हळू. "फ्रान्सिस, जेवत नाही म्हणून मी चाललेली नाही रे. मी चालले आहे, म्हणून जेवण जात नाही. एवढं समजून घे." भाऊंच्या हातात अजून पेजेची वाटी होती. मग त्यांनी ती खिडकीत ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या देखत तिचा हात धरला. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तो डाग वाढला, पण तिला दुखू दिलं नाही आम्ही.

गेल्या रविवारी कोपरीला गेले होते. भाऊंनी बोंबलाचं कालवण केलं होतं. मला वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "खरं सांग हां, वैशाली. मी जबरदस्तीने भरवत राहिलो असतो तर... थोडी राहिली असती का गं?" मी म्हटलं, "नाही, भाऊ. फक्त त्रास वाढला असता." त्यांनी मान डोलावली. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं असं वाटलं. थोड्या वेळाने आपणच बोलायला लागले. "वाटी ठेवली ना, तेव्हापासून बोलायला लागली ती. लग्नाआधी तिच्या पपांनी माझी कशी चौकशी केली, ते मला ठाऊकच नव्हतं. नर्सिंगला जायचं होतं म्हणे तिला, घरच्यांनी सोडलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहिलो... चमचा हातात असताना मला काही ऐकूच येत नव्हतं."

जेवण झाल्यावर ते मला तिच्या खोलीत घेऊन गेले. हॉस्पिटलचा भाड्याचा पलंग परत गेलाय, त्या जागी नुसती लादी मोकळी आहे. त्या जागेच्या कडेला भाऊंची खुर्ची मात्र तशीच, पलंग होता तिकडे तोंड करून. "दुपारी इथेच बसतो," म्हणाले. "तीच वेळ असायची तिची बोलायची."