पागलखोलीतले सर

“नाव नंतर द्या. आधी काय झालं ते सांगा.”

असं म्हणताना सर एक बोट वर करायचे. रस्त्यावर गाडी थांबवायला करतात तसं. कोणी म्हणालं अमका आळशी आहे, तमकी घमेंडी आहे, फलाण्याचं डोकं फिरलं, की बोट वर. बोलणाऱ्याला थांबावंच लागे. मग तो काय झालं ते सांगू लागायचा, आणि अर्ध्या वेळा सांगता सांगता त्याच्याच लक्षात यायचं की आळशी म्हणावं असं काही झालंच नव्हतं.

मी आंधळगावाकडच्या एका कॉलेजात शिपाई होतो. शिक्षण सातवी. सर तिथं मानसशास्त्र शिकवायचे. वरठीहून जुन्या स्कूटरवर यायचे. विषयाला पोरं किती, तर कधी सात, कधी पाच. प्रयोगाला एक कोपऱ्यातली खोली होती, तिला सारं कॉलेज पागलखोली म्हणायचं. या नावाला मात्र सरांचं बोट कधी वर झालं नाही. “म्हणू द्या,” म्हणायचे. “खोलीले काही लागत नाही.”

दरवर्षी पहिल्या दिवशी ते पोरांना तेच सांगायचे आणि मी दारात उभा राहून ऐकायचो. मला पाठ आहे. मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची जादू नाही. माणूस काय करतो, कसा विचार करतो, त्याला काय वाटतं, याचा तपास. त्याच्या शाखा पुष्कळ. लेकरू वाढतं कसं, ते पाहणारी एक. पोरगं शाळेत शिकतं कसं, ती दुसरी. एकटा असताना भला असलेला माणूस चारचौघांत दगड काहून उचलतो, ते पाहणारी आणखी एक. कारखान्यात पाळी बदलली की कामगाराच्या डोक्याचं काय होतं, तीही आहे. आणि मनानं आजारी पडलेल्याला उभं करणारी आहे. “ही शेवटची मले येत नाही,” सर म्हणायचे. “मी डॉक्टर नाही. मास्तर आहे.”

कुत्र्याचा धडाही मला येतो. घंटी वाजवायची आणि कुत्र्याला खायला द्यायचं. असं पुष्कळ दिवस केलं की नुसत्या घंटीनंच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. एकदा माझं घड्याळ पुढं गेलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीची घंटी पंधरा मिनिटं आधी ठोकली. साऱ्या वर्गांतून डबे उघडल्याचे आवाज आले. प्राचार्य ओरडत बाहेर आले, “ह्या माणसाले अक्कल आहे का?” सर त्यांच्या मागंच उभे. म्हणाले, “ओरडून नका राहू साहेब. मले जे शिकवायला आठ दिवस लागते ते यानं एका ठोक्यात शिकवलं.” आणि प्राचार्यांच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. त्यांनीही उघडला होता.

प्रयोगाला माणूस लागतो. पोरगा प्रयोग करणारा, आणि ज्याच्यावर करायचा तो प्रयुक्त. पोरं कमी, म्हणून प्रयुक्त मी. कितीतरी वर्षं मीच. आरशात पाहून चांदणीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची, लाल दिवा लागला की बटण दाबायचं, सारं केलं. एक प्रयोग होता काही अर्थ नसलेल्या शब्दांचा. झेक, बुफ, तिव, असे दहा. पोरगा कार्ड दाखवणार, मी आठवून सांगणार, किती वेळा पाहून पाठ होतात ते पोरगा लिहिणार.

एका परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पोरीनं कार्ड एकदा दाखवलं. मी दहाच्या दहा सांगितले, वरून खाली. मग हौसेनं खालून वरही सांगितले. पोरीनं वहीत लिहिलं, ‘प्रयुक्ताची स्मरणशक्ती असामान्य आहे.’ परीक्षक उठून माझ्याजवळ आले. “हे शब्द आधी पाहिले होते का?”

मी खोटं बोलत नाही. “साहेब, अकरा साल झाले. हेच आहेत. कार्ड बदलवतच नाही ना हे लोक.”

पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. सर हसत हसत खाली बसले, खुर्ची नव्हती तिथं. मग परीक्षकांना म्हणाले, “तिचे मार्क कापू नका. चूक माझी आहे.” त्या वर्षापासून दरवर्षी नवी कार्डं ते स्वतः लिहायचे. मला नावं नाही ठेवली. आमच्या घरी मात्र हे ऐकून बुढी म्हणाली होती, “बजारातून आणायच्या चार वस्तू ध्यानात नाही राहत, अन् झेक बुफ बरोबर राहते.”

बुढी म्हणजे माझी बायको. मी रिटायर झालो आणि त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. किडनी. भंडाऱ्याला नेत होतो, आणत होतो. एक दिवस आणली ती गेलेलीच.

मला रडू आलं नाही. माती झाली, तेरवी झाली. तेरवीला मी पंगतीत भात वाढला. कोणाला वरण पाहिजे, कोणाला नाही, सारं माझ्या ध्यानात. शेजारची बाई मागं बोललीच, “बुढ्याच्या डोळ्यात टिपूस नाही.” त्याचं काही वाटलं नाही. पण परत जायच्या दिवशी माझी पोरगी बॅग भरता भरता म्हणाली, “बाबा, तुम्ही आईसाठी एकदाही रडले नाही. तुमाले तिचं काही होतं का नव्हतं?” ती नागपूरला गेली आणि तिचा फोन येणं बंद झालं.

पोरीनं विचारलं ते मीही स्वतःला विचारू लागलो. लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहायचो. भूक लागायची नाही, झोप लागायची, दुखत काहीच नव्हतं. दात काढायला सुई देतात ना, तसं सारं अंग.

सर दर रविवारी यायचे. सांत्वन करायचे नाहीत. ओसरीत बसून पेपर वाचायचे आणि जायचे. तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी विचारलं, “सर, माझा तिच्यावर जीव होता का नव्हता, हे तुमच्या शास्त्रात कळते का? पोरगी दगड समजते मले.”

बोट वर झालं. मग पेपर खाली ठेवला.

“शास्त्रात घराणी आहेत, भाऊ. एक म्हणते लहानपणात जा. तुमची माय कधी गेली?”

“सहा वर्षांचा होतो.”

“रडले होते?”

“बाप रडू देईल तेव्हा ना. म्हणे, मरद आहेस.”

“तं ते घराणं म्हणेल, तिथंच बूच बसलं. दुसरं म्हणते, मनाचं सोडा, ते दिसत नाही. माणूस करते काय तेवढं पाहा. तुम्ही काय करता दिवसभर?”

“काही नाही. बुढीची शेळी आहे, तिले चारा टाकतो. विकाची होती. गिऱ्हाईक आलं, दिली नाही.”

“काहून?”

“मले काय माहीत.”

“तिसरं म्हणते, तुकडा तुकडा पाहू नका. दुरून धानाची रोवणी पाहिली तं एक एक बाई नाही दिसत, रांग दिसते. तसं संसाराचे चाळीस साल एकदम पाहा, तेरवीचा एक दिवस नका पाहू. चौथं म्हणते, माणसालेच विचारा, त्याचं त्याले ठाऊक असते.”

“मले तं काहीच ठाऊक नाही.”

“मंग ते घराणं फेल.”

“यातलं खरं कोणतं, सर?”

“इतके साल शिकवून राहिलो, मलेच नाही कळलं. लग्नात चार मामे असतात ना, तसं आहे. चारही खरे मामे, अन् एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.”

मला हसू आलं. बुढी गेल्यावर पहिल्यांदा. लगेच वाटलं, हसू येते अन् रडू नाही येत, म्हणजे पोरगी खरं बोलली.

पुढच्या रविवारी सरांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. “एक प्रयोग राहिला आहे आपला. मी शब्द बोलतो. तुमच्या तोंडात पहिला येईल तो तुम्ही बोला. विचार करायचा नाही.” हा प्रयोग माझ्यावर कधी झाला नव्हता, त्याला ओळखीचा प्रयुक्त चालत नाही, असं सर म्हणायचे.

“तळं.”

“मासोळी.”

“धान.”

“तुडतुडा.”

“कॉलेज.”

“घंटी.”

“दवाखाना.”

“लाइन.”

मी पटापट बोलत होतो. दवाखाना आला तरी अडलो नाही. सरांनी आणखी सात-आठ विचारले. मग म्हणाले, “मीठ.”

तोंड उघडं राहिलं. काहीच आलं नाही. स्टॉपवॉच चालूच होतं, ऐकू येत होतं. सर माझ्याकडं न पाहता शेळीकडं पाहत होते. मग म्हणाले, “सांगायचं असंन तं सांगा. नसंन तं पुढचा शब्द घेऊ.”

मी सांगितलं. शेवटी शेवटी बुढीच्या तोंडाची चव गेली होती. स्वयंपाक सोडत नव्हती. भाजी झाली की हाक मारायची, “अजी, मीठ पाहा बरं.” मी पाहायचो. शेवटच्या आठवड्यात एकदा तिनं वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं. मला विचारलं. मी म्हणालो, बरोबर आहे. ताटातली सारी भाजी खाल्ली, दुसऱ्यांदाही घेतली, म्हणजे भाजीच्या गंजात उरायला नको. वर दोन लोटे पाणी प्यालो.

“एवढी खारट काहून खाल्ली?”

“मंग ती पुन्हा उठली असती चुलीपाशी. उठणं होत नव्हतं तिच्यानं.”

सरांनी स्टॉपवॉच बंद केलं. किती सेकंद झाले ते पाहिलं नाही, लिहिलं नाही. जाताना स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, “हे पोरीले सांगा.”

“नाही जमत मले असं.”

“नाही जमलं तं नका सांगू. पण तुमी मले विचारलं होतं, म्हणून बोललो.”

मी आठ दिवसांनी फोन केला. पोरीनं उचलला. मी भाजीचं सांगितलं, जसं झालं तसं, पुढं मागं काही लावलं नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “जेवले का बाबा?” तेवढंच. पण आता रोज विचारते.

रडू मला तेव्हाही आलं नाही. तुम्हाला वाटत असेल की बूच उघडलं असेल. नाही उघडलं. फक्त मी दगड आहे का, हा प्रश्न पडायचा थांबला.

मागच्या वर्षी सर गेले. आंघोळ करून निघाले, कपडे घालता घालता छातीत दुखलं, वरठीतच संपले. मी गावातल्या एकाच्या मोटरसायकलवर मागं बसून पोचलो. आंगणात माणसं, आतल्या खोलीत बाया, असा रिवाज. सरांची बायको भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. दोन बाया तिचे खांदे हलवत होत्या, “रड वो माय, रड. नाही तं डोक्यात जाईल. अशी काहून करून राहिली?” तिसरी एक बाजूच्या बाईला हळूच म्हणाली, पण मला दारातून ऐकू आलं, “काही वाटतच नाही वाटते हिले.”

मी चपला काढल्या आणि आत गेलो. बायांमध्ये एकटा बुढा. कोणीतरी म्हणालं, “भाऊ, माणसं बाहेर आहेत.” मी म्हणालो, “मले दिसते.” सरांच्या बायकोसमोर खाली बसलो. गुडघे दुखतात, वेळ लागला.

“वहिनी, रडू येत नसंन तं नका रडू. कोणी काही म्हणो.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “तुमाले आलं होतं का भाऊ?”

“नाही. अजून नाही आलं.”

खांदे हलवणाऱ्या बायांनी हात काढून घेतले. तिनं पदर आवरला, सतरंजीवर थोडी सरकली. मी तिच्या बाजूला भिंतीला टेकलो. बाहेर तिरडी बांधत होते, बांबूवर दोरी ओढल्याचा आवाज येत होता. तिरडी उचलायची हाक येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.