नवस आणि दगडी भिंत

भूकंपानंतरच्या चार-पाच वर्षांत लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या. मी मूळचा कंधारचा. अशाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो, पत्र्याच्या हॉलमध्ये, एका वेळी दीडशे मुलांना. उत्क्रांतीचा धडा माझा आवडता. देव मी कॉलेजातच सोडला होता आणि तसं वर्गात सांगायचो, जरा जोरातच. मुलं हसायची आणि परीक्षेला येईल तेवढंच वहीत उतरवून घ्यायची. सकाळी उपवास धरून आलेली मुलगी दुपारी नैसर्गिक निवडीचं उत्तर घडाघडा म्हणून दाखवायची. तिला त्यात काही अडचण वाटायची नाही. मला वाटायची.

रसायनशास्त्राचे सर नांदेडचे, पाच वेळचे नमाजी. आम्ही एकाच खोलीत राहायचो. एकदा मी त्यांना छेडलं, "माणूस माकडासारख्या प्राण्यापासून झाला, हे पटतं का तुम्हाला?" ते कांदा चिरत होते. म्हणाले, "शिकवायची वेळ आली तर नीट शिकवीन, सर. बाकीचं माझं आणि अल्लाचं." मला त्यांची कीव आली होती.

त्या वर्षी वर्गात भूकंपातल्या एका गावची मुलगी होती. आई आणि दोन लहान भाऊ ढिगाऱ्याखाली गेलेले. ती आणि वडील तेवढे वाचले. एक दिवस तास संपल्यावर ती थांबली.

"सर, भूकंप कामून होतो ते आमच्या आप्पांना सांगाल का? ते म्हणतात, माझ्यामुळं झाला."

धाकटा मुलगा तापातून उठला तर महादेवाला पायी येईन, अभिषेक करीन, असं आप्पा बोलले होते. मुलगा उठला. पण त्या साली पीक बरं आलं, घराला नवी खोली काढायचं ठरलं आणि नवस मागं पडला. मग ते झालं. तेव्हापासून दर महिन्याच्या शिवरात्रीला आप्पा उपाशीपोटी, अनवाणी देवळापर्यंत चालत जात. अशा एकशे आठ फेऱ्या त्यांनी बोलल्या होत्या. निम्म्या होत आल्या होत्या.

मला एकदम हुरूप आला. खोलीवर सांगितलं तर नांदेडचे सर म्हणाले, "जाऊ नका. तो माणूस हळूहळू बरा होऊन राहिलाय."

"स्वतःला खुनी समजणारा माणूस बरा होतोय?"

रविवारी मी मुलीबरोबर एसटीनं गेलो.

नव्या गावठाणात सिमेंटच्या खोल्या ओळीनं उभ्या होत्या. आप्पांच्या कपाळावर भस्म होतं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी चहा दिला आणि समोर मांडी घालून बसले. मी दोन वह्या एकमेकींवर रेटून दाखवल्या. जमिनीच्या पोटात खडक असे दाबले जातात, दाब वाढला की तुटतात. "वर कुणी रागावलेलं नसतं, आप्पा."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. माणूस हुशार होता. मग म्हणाले, "ही सुट्टीत आली की घोकत बसती. टिकाव धरंल ते जगतं म्हणं. माझी पोरं टिकाव धरणारी न्हवती, असंच ना?"

"नाही, नाही. ते वेगळं."

"मग आमच्याच गावात एवढी माणसं कशी गेली?"

या प्रश्नानं मी खूश झालो, हे मला आजही आठवतं. मी म्हणालो, "भूकंपानं माणसं मरत नाहीत, घरांनी मरतात. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड छत. तेच बांधकाम पक्कं असतं, तर..."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी थांबलो, पण उशीर झाला होता.

"पोरं नव्या खोलीत निजली होती," आप्पा म्हणाले. "ती भिंत मीच रचून घेतली. गवंड्याला म्हणलं, चांगली जाड घे, उन्हाळ्यात गार राहील."

त्यांनी डबी मुठीत धरली आणि सोडून दिली.

"नवस फेडता येतो, सर. भिंतीचं काय करू?"

सगळ्या गावानं तशीच घरं बांधली होती, तुम्हाला काय ठाऊक असणार, असं मी बरंच बोललो. ते मान हलवत राहिले. माझी पिशवी उचलून मला फाट्यापर्यंत सोडायलाही आले.

पुढच्या शिवरात्रीला ते देवळात गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मुलीनं सांगितलं, "आप्पा रोज जुन्या गावात जातेत. त्या खोलीचे दगड उचलून ओढ्याला टाकून येतेत. जेवत बी न्हाईत नीट." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं.

मी खोलीवर येऊन सगळं सांगितलं. नांदेडच्या सरांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. शुक्रवारची नमाज झाल्यावर रजा टाकून ते माझ्याबरोबर निघाले. आप्पा पडक्या भिंतींमध्ये वाकलेले दिसले. मी बाभळीखाली थांबलो. सर मात्र गेले, बाह्या सारल्या आणि त्यांच्याबरोबर दगड उचलू लागले. बऱ्याच वेळानं दोघं खाली बसले. आप्पांचा एवढाच प्रश्न मला ऐकू आला, "तुमच्यात चुकल्यावर काय करत्यात?" सर हळू आवाजात खूप वेळ बोलत होते. काय बोलले ते मी कधी विचारलं नाही.

सर त्यानंतरही अधूनमधून जात राहिले. आप्पा थोडंफार जेवू लागले, पण देवळाची पायरी पुन्हा चढले नाहीत. दोन हिवाळ्यांनंतर साध्या तापानं गेले. त्यांनी औषध घेतलं नाही.

मुलीला मार्क चांगले होते, पण वडिलांना सोडून लांब जाता येईना, म्हणून तिनं डॉक्टरकी सोडून लातूरलाच नर्सिंग धरलं. बऱ्याच वर्षांनी ती नांदेडच्या बसस्टँडवर भेटली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग तिनं अचानक विचारलं, "सर, तुम्ही आप्पांना सांगितलं ते बरोबरच होतं ना?"

"हो," मी म्हणालो. आणि ते बरोबरच होतं.

मग उमरीची गाडी लागली, तिनं वाकून मला नमस्कार केला आणि गर्दीतून आत चढली.