चुडा भरणारी बोटं

आमचा बांगड्यांचा धंदा. दिवसभर लोकांच्या लेकीसुनांचे हात माझ्या हातात. माझ्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग उठले, ते त्यामुळं आधी गिऱ्हाइकांनीच बघितले. एकीनं हात मागं घेतला. म्हणाली, "राहू द्या, उद्या येते." कसली येतीय! घटकाभरात समोरच्या दुकानात बसलेली दिसली. असा संताप आला म्हणता!

शेजारणींनी तर निकालच लावला होता, दूध-मासे एकत्र खाल्ले असणार. कातडीच्या डॉक्टरीणबाई ते ऐकून हसल्या. म्हणाल्या, "रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. तुमच्यात त्यांची ओळख चुकलीय. कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच परकं समजून मारतायत."

"म्हणजे राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागलं?"

"अगदी तसंच. त्यातल्या काही पेशी कातडीत ठाण मांडून बसतात, म्हणून गेलेला डाग परत त्याच जागी उठू शकतो. पण शिवल्यानं हे कुणाला होत नाही." बोलता बोलता त्यांनी माझी बोटं आपल्या उघड्या हातात धरली होती. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. ओठाजवळही एक डाग उठला होता, तो मलम आणि प्रकाशाचे शेक घेऊन भरत आला. बोटांचे मात्र हलेनात.

आता हे सगळं गिऱ्हाइकाला कोण सांगत बसणार? मी पातळ रबरी हातमोजे चढवले. कुणी विचारलंच तर साबणाची अ‍ॅलर्जी म्हणायचं. बांगड्या भरून झाल्या की बायका नमस्कार करतात, तेव्हा आशीर्वादही लांबूनच द्यायचा.

अशात मुरगूडचं एक लग्नघर चुडा भरायला आलं. नवरीचा हात दाबताना अंगठ्याखालचं हाड कधी ढिलं पडतंय, ते आपल्या बोटाला कळावं लागतं. मोज्यातून काय डोंबल कळणार! तिसरीच बांगडी कटकन वाढली. फुटली म्हणत नाहीत आमच्यात. नवरीच्या हातावर रक्ताचा थेंब आला. नवरीच्या चुड्यात असं झालं म्हटल्यावर बोभाटा होणार आणि दुकानाला कुलूप लागणार, माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

नवरीची आत्या पुढं सरकली. "काढ गं ते मोजं. काय लपवतीस?"

काढले. "कोड हाय," मी म्हटलं. "शिवल्यानं लागत न्हाय. पटत नसंल तर समोर दुकान हाय." ताडकन बोलून गेले.

आत्यानं नवरीला बाजूला सारलं आणि स्वतःचा शेतात राबलेला दणकट हात पुढं केला. "आधी मला भर."

मी उघड्या बोटांनी तो धरला. हात अवघड, हाडं मोठी, तरी एकेक बांगडी अलगद गेली. आत्यानं हात हलवून बघितला. "हात झ्याक हाय की तुझा! मोजंच वाईट. भर आता पोरीला."

नवरीचा चुडा एकही बांगडी न वाढता भरला. ती नमस्काराला वाकली. मी सवयीनं हात लांबच धरला. तिनं तो ओढला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. मग मात्र मला रडूच आलं.