माह्या अंगात काही राह्यलं नाही

ये व बाई, इकडं सरक. सख्खी भाची माही, अन् उंबऱ्यावर काहून बसून राह्यली? लेकरूही घरीच ठेवून आली! तुह्या सासूनं सांगतलं असंन, मावशीच्या अंगात किरणं हायेत, तिच्या मांडीवर लेकरू देऊ नको. ऐक मंग आता.

मले पिशवीचा कॅन्सर झाला, त शहरातल्या दवाखान्यात आतून शेक घ्या लागला. पोटात बारीक नळ्या घालतात. मशीनमधून तांदळाच्या दाण्याएवढा किरणांचा तुकडा नळीतून आत जाते, काम करते अन् परत मशीनमध्ये जाऊन बसते. मंग तिथली मोजमापवाली मॅडम हातातलं मीटर अंगावरून फिरवते, आत काही राह्यलं का पाहाले.

एक खेप मेडशीवरून पहिल्या यष्टीनं गेलो, त मॅडम म्हणे, "आजी, आज शेक नाही. मीटर तपासणीला मुंबईला गेलंय, अजून आलं नाही."

"मशीन त चालू हाय ना?"

"आहे. पण तपासलेलं मीटर हातात नसताना मी कोणाच्याच पोटात तो तुकडा सोडत नाही."

असी तापली मी! एक फोन करता येत नव्हता? पोट धरून यष्टीत बसणं काय असते, या लोकाइले काय माईत! संग आलेला दीर त म्हणे, "मीटर कायले पाह्यजे? द्या शेक."

त्याच्यावरच उलटली मी. "मंगरूळपीरले व्यापाऱ्याच्या मीटरनं सोयाबीनची ओल जास्त दाखवली, तवा दुसऱ्या मीटरवर मोजा म्हणून कोण बोंबलत होता? सोयाबीनले खरं मीटर पाह्यजे, अन् भावजयीले कसंही चालते?"

मंग तोच परतीच्या यष्टीचं पाहाले गेला.

मीटर आलं तवा मी मॅडमले विचारलंच, हे खरं बोलते कायवरून? तिनं सांगतलं, ज्याची किरणं आधीच पक्की मोजून ठेवली, त्याच्यासमोर मुंबईले हे मीटर धरून पाहतात. चुकत असलं त किती चुकते ते कळवतात. मंग तिनं मीटर तपासाले डबीत ठेवलेल्या दुसऱ्या एका बारीक तुकड्याजवळ मीटर नेलं, त काटा उसळला. शेक झाल्यावर माह्या पोटावर धरलं, त रिकाम्या खोलीत होता तिथंच काटा!

अन् घरी आली त माहं ताट वेगळं, गिलास वेगळा. जाऊ नातवाले माह्यापासून ओढून नेते. कॅन्सर सोसला मी, हे नाही सोसत!

सांग तुह्या सासूले, मावशी लय बोलली म्हणून. तू रडू नको, चहा घे. पण रविवारी लेकराले घेऊन ये, मांडीवर दे माह्या. लवकर ये व माय.