शुक्रवारची साफसफाई

आमच्या शेठचा जावई मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि हे मी कधी लपवलंही नाही. मुंबईतली नोकरी सुटल्यावर तो वालीवच्या आमच्या गाळ्यात आला, सासऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणाला, "मॅडम, तुमचं सगळं फार जुनाट आहे." मी तिथे अठरा वर्षं डायची ड्रॉइंगं काढत होते. डबीची झाकणं, बिजागऱ्या, स्टोव्हचे बर्नर, जे जे पत्र्यातून दाबून काढतात त्याचा साचा म्हणजे डाय. तो कसा कापायचा हे माझ्या ड्रॉइंगवर असायचं. नुसत्या रेघा नव्हत्या त्या. पहिला नग कुठे फाटला, मग कुठे केसभर जागा जास्त सोडली, हे सगळं मी त्यावर लिहून ठेवलेलं. ते गेलं असतं तर पुन्हा उभं करायला आणखी अठरा वर्षं लागली असती, आणि तेवढी नोकरी माझी उरली नव्हती.

जावयाने सगळी ड्रॉइंगं क्लाउडवर टाकायला लावली. ते बरं केलं, खोटं कशाला बोलू. एक फोल्डर आणि तीन कॉम्प्युटर: माझा, डाय कापणाऱ्या वायरकट मशीनच्या खोलीतला आणि जावयाचा चकचकीत लॅपटॉप. एकाने काही बदललं की तिन्हीकडे बदलायचं. पण "आता हिची काय गरज?" म्हणत आमची बॅकअपची हार्ड डिस्क तो घरी घेऊन गेला, मुलांचे सिनेमे ठेवायला. शेठ नुसते हसले. जावयाने काहीही उचलून न्यावं आणि शेठनी हसावं, असंच चालायचं तिथे.

लॅपटॉप चकचकीत, पण आत जागा बेताची. एका गुरुवारी त्यावर लाल पट्टी आली, डिस्क भरली म्हणून. जावई चडफडायला लागला. त्याचं बोट डिलीटकडे चाललेलं दिसलं तशी मी उठून गेले. म्हटलं, "पुसू नका. फोल्डरवर उजवं बटण दाबा, जागा मोकळी करायचा पर्याय येईल. फाईल क्लाउडवर राहते, तुमच्याकडे नुसतं नाव उरतं. उघडाल तेव्हा खाली उतरते. माझ्या कॉम्प्युटरवर मी तसंच केलंय. डिलीट केलंत तर सगळीकडून जाईल."

"मॅडम, हे तुम्ही मला शिकवणार?" एवढंच बोलून त्याने लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी वालीवच्या कारखान्यांना सुट्टी. मी एव्हरशाईन वसाहतीतल्या घरी चादरी धूत होते आणि जावई आपल्या घरी लॅपटॉप धूत होता. उजवं बटण वगैरे माझ्यासारख्यांनी दाबायचं. त्याने फोल्डर सरळ पुसून टाकला. आमचं खातं फुकटातलं, तेही भरत आलेलं, म्हणून जाताजाता तिथली कचरापेटीसुद्धा रिकामी केली. एखादा माणूस एका दुपारी किती नुकसान करू शकतो याचा मला अंदाज नव्हता.

शनिवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर फोल्डर रिकामा. माझ्याकडे नावंच होती, तीही गेली. खात्यात जाऊन कुणी काय केलं त्याची यादी उघडली. शुक्रवार, दुपार, पुढे जावयाचं नाव. मी शेठना आणि जावयाला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

जावयाने काखा वर केल्या. "मी फक्त माझ्या लॅपटॉपवरून काढलं. क्लाउडवरचं कसं जाईल? आणि मॅडमच्या कॉम्प्युटरवर तरी असायला हवं होतं ना? तिथे का नाही?" मग शेठकडे वळून, आवाज खाली आणल्यासारखं करून पण सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "समोरच्या गाळ्यातल्या डायवाल्यांना तर ड्रॉइंगं दिली नाहीत ना? विचारून बघा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण त्याचं सोडा, तो तसाच. शेठनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं तपासणाऱ्याचं होतं. ज्या माणसाच्या बिघडलेल्या निम्म्या डाय मी निस्तरल्या त्याने मला चोर आहे का म्हणून निरखलं. हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

तेवढ्यात आमचे वायरकटवाले काका आले. ते गास गावचे, शनिवारी वाडीतली भाजी बाजारात उतरवून मग कामावर यायचे, म्हणून त्यांना नेहमीच उशीर. सगळ्यांची तोंडं बघून म्हणाले, "काय झाला? कोन गेला काय?"

"काका, तुमचा कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"माझा? गुरवारी बंद केला तो केला. अजून हात पन लावला नाय."

मी धावले. मशीनच्या खोलीत नेट धड चालायचं नाही, म्हणून त्या एका कॉम्प्युटरवर सगळ्या फाईली मी पूर्ण उतरवून ठेवल्या होत्या. तो गुरुवारपासून बंद होता. फोल्डर पुसला गेलाय ही बातमी त्याला अजून पोचलेलीच नव्हती. मी आधी मागून नेटची वायर उपटली आणि मग बटण दाबलं. फोल्डर उघडला. सगळं होतं. झाकणं, बिजागऱ्या, माझ्या सगळ्या नोंदी. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

मागे जावई येऊन उभा राहिलाच. "अहो, नेट कुठे आहे? नेटशिवाय वर कसं चढवणार?" म्हणत त्याने लोंबणारी वायर उचलली आणि लावायला वाकला. मी त्याच्या हातावर फाडकन मारलं. वायर खाली पडली. बाहेरचा ग्राइंडरसुद्धा कुणीतरी बंद केला.

"हा कॉम्प्युटर नेटवर गेला की आधी क्लाउडला विचारेल काय आहे आणि काय नाही," मी म्हटलं. "तिथे काही नाही, म्हणून इथलंही पुसेल. मग संपलं."

शेठ दारात होते. म्हणाले, "ताई, जावई आहेत ते. त्यांच्यावर हात उचलता? माफी मागा आधी."

मी खाली वाकून वायर उचलली आणि जावयापुढे धरली.

"मागते. आधी ही त्यांना लावू द्या. त्यांचं बरोबर निघालं तर सगळ्यांदेखत पाया पडते त्यांच्या. शेठ, लावू देऊ?"

जावयाने हात पुढे केला. त्याची खरंच तयारी होती. शेठ एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा वायरीकडे. काका डोक्यावरची टोपी काढून उभे होते.

"जावईबापू," शेठ म्हणाले, "हात लावू नका."

मग माझ्याकडे न बघता, "ताई, काय ते तुम्हीच काढून घ्या," म्हणाले आणि बाहेर गेले. चोर ठरवलं होतं त्याबद्दल ना ते बोलले, ना तो. मी पेनड्राइव्ह लावला, आणि शेवटची फाईल उतरेपर्यंत ती वायर मुठीत घट्ट धरून तिथेच बसून राहिले.