टचपॅड चालेना, आणि आत्याला ‘हो’ म्हणायचं होतं

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. भिंगं घासते, दांड्या वाकवून कानावर नीट बसवते. गिऱ्हाईक आरशात बघून तोंड वाकडं करायला लागलं की म्हणते, "नाक तुमचंच आहे हो, चष्म्याला बोल लावू नका." पन्नाशी ओलांडली, लग्न नाही. आधी आजी-आजोबांचं आजारपण, मग आम्हा पोरांची शिक्षणं. तिच्या लग्नाचा विषय घरात केव्हाच बासनात गुंडाळून ठेवला होता.

आणि मग कुलूपवाले आले. कुलपं दुरुस्त करणारे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले. जवळचं दिसेना म्हणून चष्मा करायला आले आणि दांडी सैल झाली म्हणून येतच राहिले. कसली दांडी नि कसलं काय! पुढे ते मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले, तेव्हा स्वतःसाठी कधी काही न घेणाऱ्या आत्याने चक्क लॅपटॉप घेतला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल! गेल्या आठवड्यात त्यांनी सरळच विचारलं, "लग्न करायचं का आपण?" आत्या म्हणाली, "रविवारी सकाळी सांगते."

रविवार उजाडला आणि आत्याची हाक आली, "अगं ए, हा बाण मेला!"

धावत गेले. आत्या टचपॅडवर बोट घासतेय आणि पडद्यावरचा बाण ढिम्म.

"काय केलंस?"

"काही नाही गं. अपडेट करू का, विचारत होता. म्हटलं, शुभकार्याआधी झाडलोट होऊन जाऊ दे."

"आजच? आजच मुहूर्त सापडला तुला?" माझं डोकं लगेच सटकतं, काय करणार! "माझ्या फोनवरून लाव."

"इतक्याशा पडद्यावर? छे! त्यांचा चेहरा नीट बघून सांगायचंय मला."

बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ओला फडका घेऊन आले. "पुसून बघा जरा."

"बाबा, तो फडका आधी लांब ठेवा!"

बंद करून चालू केला. ढिम्म. वरच्या रांगेतलं टचपॅडचं चित्र असलेलं बटण दाबलं. ढिम्मच. मग बाणाचा नाद सोडला आणि नुसत्या बटणांनी वाट काढत निघाले. टॅब, खाली, खाली, एंटर. दोनदा चुकले, स्वतःलाच शिव्या घातल्या, आणि शेवटी चोर सापडला. अपडेटने टचपॅडचा ड्रायव्हर बदलून ठेवला होता.

"ड्रायव्हर?" बाबांनी डोळे मोठे केले.

"टचपॅडचं आणि मशीनचं बोलणं जुळवून देणारा मध्यस्थ हो."

"बघ ताई, नको तो मध्यस्थ मध्ये पडला की जमलेलंही मोडतं!" बाबा स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. आत्या हसली नाही. ती सारखी घड्याळाकडे बघत होती.

जुना ड्रायव्हर परत आणला, मशीन पुन्हा सुरू केलं. आत्याने बोट टेकवलं आणि बाण सुळकन पळाला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मला तर नाचावंसं वाटलं. तेवढ्यात कॉल वाजू लागला.

आत्याने बाण हिरव्या बटणावर नेला आणि थांबली.

"अगं, दाब की!"

"चालत नाहीये गं."

"चालतंय! आत्ताच हलला ना बाण?"

"टचपॅड नव्हे," आत्या हळूच म्हणाली, "बोट."

कॉल वाजून वाजून बंद पडला.

मी ओरडणारच होते, पण बाबांनी मला डोळ्यांनीच दटावलं. मग ते तिच्याजवळ बसले. "ताई, आमच्यासाठी थांबत असशील तर नको थांबूस. खूप केलंस आमचं. आता जा." माझा राग कुठल्या कुठे पळाला.

आत्याने हाताचा घाम पुसला आणि स्वतःच कॉल लावला.

पडद्यावर कुलूपवाले आले. चेहरा एवढासा झालेला. "उचलला नाहीत. मला वाटलं, नाहीच म्हणायचंय तुम्हाला."

"हो," आत्या म्हणाली.

बिचाऱ्यांनी मान खाली घातली.

"अहो, तसलं हो नाही!" आत्या खुर्चीतून उठलीच. "लग्नाला हो! लग्नाला!"

कुलूपवाल्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसत बसले, पुसतच बसले.

"आधी तो चष्मा लावा बघू!" आत्या दोन्ही गालांवर हात ठेवून म्हणाली. "मी इथे किती लाजतेय, ते बघायला नको का कुणी?"